तपासले, गुडघा ठीक आहे

माझ्या अक्षराबद्दल आमच्या कचेरीत दुमत नाही. माणूस म्हणून माझ्याबद्दल पुष्कळ मतं आहेत आणि त्यातली काही मी स्वच्छतागृहाच्या बंद दाराआडून स्वतःच्या कानांनी ऐकलेली आहेत, पण अक्षराचा विषय निघाला की माझं वाईट चिंतणारेही मान डोलावतात. आमचं खातं सरकारी इमारतींची देखभाल करतं. देखभाल होते की नाही ते इमारतींनाच विचारलेलं बरं. देखभालीची नोंदवही मात्र माझ्याकडे असते. पाण्याच्या टाक्या, आग विझवायची नळकांडी, लिफ्ट, जिने, गच्चीची दारं. दर सोमवारी प्रत्येकापुढे तारीख घालायची आणि लिहायचं : तपासले, ठीक आहे. एकोणतीस वर्षांत माझा एकही रकाना कोरा गेलेला नाही. टाकीत डोकावायला गच्चीवर जावं लागतं हे मला सहकाऱ्याच्या बोलण्यातून कळलं, तेव्हा नोकरीला अकरा वर्षं झाली होती.

तर ज्या सोमवारी मी आमच्याच इमारतीच्या तळघराच्या जिन्यावरून पडलो, त्या सोमवारी सकाळी साडेदहाला त्या जिन्यापुढे मीच ‘तपासले, ठीक आहे’ लिहिलं होतं. पावणेबाराला एक जुनी फाईल काढायला खाली उतरलो. तेरा पायऱ्या आहेत. सातव्या पायरीचा कोपरा चार वर्षांपासून तुटलेला आहे हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. ती दुरुस्त करण्याच्या प्रस्तावाची फाईल माझ्याच कपाटात होती. पण त्या दिवशी डोळे हातातल्या फाईल-क्रमांकाच्या चिठ्ठीवर होते आणि सातवीपासून तेरावीपर्यंतचा प्रवास मी उजव्या गुडघ्यावर केला. गुडघ्याच्या वाटीचे दोन तुकडे झाले. डॉक्टरांनी ते तारेनं एकमेकांना बांधले आणि वर टाके घातले.

कामावर असताना दुखापत झाली तर आमच्याकडे खास रजा मिळते, बरं होईपर्यंत. अर्ज बायकोच्या हाती पाठवला. रजेचं टेबल सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं, पायरी मोडकी होती याला पुरावा काय. बायको म्हणाली, जाऊन बघा की. बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं म्हणे, की जणू तिनं त्यांना झाडावर चढायला सांगितलंय. त्यांनी नोंदवही मागवली आणि त्या दिवशीचं पान बायकोपुढे धरलं. पायरी तर ठीक होती, तुमच्या यजमानांनीच लिहिलंय. सही त्यांचीच ना? बायको शाळेत शिक्षिका आहे, खोटं बोलायची तिला सवय नाही. ती हो म्हणाली. म्हणजे मी एका उत्तम पायरीवरून स्वतःच्या निष्काळजीपणानं पडलो होतो. खास रजा नामंजूर झाली, साधी नव्वद दिवसांची मिळाली आणि वर अट पडली : एक्क्याण्णवाव्या दिवशी, म्हणजे सोमवारी, प्रमाणपत्र घेऊन हजर व्हा. प्रमाणपत्रावर डॉक्टरांनी लिहायला हवं, की हा मनुष्य जिना चढू-उतरू शकतो. नाहीतर जागा दुसऱ्याला कायमची देण्यात येईल.

इथे जागा म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय माझं दुःख कुणाला कळायचं नाही. आमच्या मोठ्या खोलीत चौदा टेबलं आणि एकच धड खिडकी आहे. त्या खिडकीशी माझं टेबल आहे. ते मिळायला मला दहा वर्षं लागली, त्यातली सहा मी स्वच्छतागृहाच्या भिंतीला पाठ लावून काढली. खिडकीतून वारा येतो, समोरचं झाड दिसतं, आणि साहेब खोलीत शिरले की काचेत आधीच दिसतात. मी रजेवर गेलो त्याच दुपारी तिथे एका तरुण कारकुनाला तात्पुरतं बसवण्यात आलं. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव ‘तात्पुरता’ असंच पडलं. पहिल्याच आठवड्यात तात्पुरत्यानं खुर्चीवर स्वतःची उशी आणून ठेवली ही बातमी माझ्यापर्यंत पोचली. तात्पुरती माणसं उशा आणत नाहीत.

पंधराव्या दिवशी मला इस्पितळाच्या तळमजल्यावर, पार टोकाच्या खोलीत पाठवलं. तिथे भिंतभर आरसा, दोन आडवे दांडे, वाळूच्या पिशव्या आणि माणूस बसेल एवढाले चेंडू होते. मला वाटलं चुकून मुलांच्या विभागात आलो. एवढ्यात माझ्या पुतणीच्या वयाची एक फिजिओथेरपिस्ट समोर आली. लांब नाव घेताना जीभ अडखळते म्हणून मी तिला मनातल्या मनात मास्तरीणबाई म्हणू लागलो. तिच्या हातात मोठा कोनमापक होता, दोन पट्ट्यांचा. तिनं तो माझ्या पायाला लावला, गुडघा वाकवायला सांगितलं, मी प्राण पणाला लावून वाकवला आणि तिनं आकडा वाचला : बत्तीस अंश. शाळेत भूमितीत मला पस्तीस होते. त्यानंतर इतक्या वर्षांनी कोणीतरी कोनमापक घेऊन माझी लायकी काढत होतं, आणि आकडा त्याहून कमी निघाला होता.

तिनं सांगितलं, की जिना उतरायला शंभराच्या आसपास लागतात. मी म्हटलं, ऑपरेशन तर झालंय ना, डॉक्टर म्हणाले उत्तम झालं. त्यावर ती शांतपणे म्हणाली, “काका, डॉक्टरांचं काम दोन तासांत संपलं. हाड ते जोडतात. वाकवायचं तुम्हाला.”

मग तिनं पाच व्यायाम दाखवले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून खाली दाबायचं. टाच जमिनीवरून आपल्याकडे सरकवायची. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. असले काहीतरी. एकाही व्यायामात पराक्रम नव्हता, पण दुखत मात्र असं होतं, की माझ्या तोंडून निघालेल्या शब्दांबद्दल नंतर मला तिची माफी मागावी लागली. हे सगळं दिवसातून तीन वेळा करायचं होतं. गर्दी फार, म्हणून पुढची वेळ पंधरा दिवसांनी. आणि शेवटी तिनं मला एक तक्ता दिला. आडव्या ओळीत तारखा, उभ्या रकान्यात व्यायाम, प्रत्येक चौकटीत किती वेळा केला तो आकडा, शेजारी शेरा.

तो तक्ता पाहिला आणि अपघातानंतर पहिल्यांदाच मला आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

घरी आलो, चहा घेतला आणि एका बैठकीत पंधरा दिवसांचा तक्ता भरून टाकला. या कामात माझा हात कोण धरणार? सगळीकडे एकच शाई वापरणारे कारकून पहिल्याच तपासणीत सापडतात. मी चार दिवस निळी, तीन दिवस काळी, मग पुन्हा निळी वापरली. सुरुवातीला दहा-दहा वेळा, मग बारा, मग पंधरा अशी प्रगती दाखवली. नवव्या दिवशी संध्याकाळचा रकाना जरा थरथरत्या अक्षरात लिहिला आणि शेऱ्यात ‘आज थोडं दुखलं’ असं टाकलं. माझाच मला अभिमान वाटला. वाचताना मला स्वतःलाच दमल्यासारखं होत होतं.

मला आळशी म्हणू नका. माझ्यामागे वैद्यकीय आधार होता. समोरच्या दारातल्या आप्पांचा. आप्पा बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरीचे. त्यांच्याही गुडघ्याचं सहा वर्षांपूर्वी असंच ऑपरेशन झालं होतं. ते दिवसभर दारात खुर्ची टाकून बसतात आणि त्यांचा डावा पाय सरळ, काठीसारखा, मधल्या बोळात पसरलेला असतो. दूधवाला, पेपरवाला, खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी, सगळे तो पाय ओलांडून जातात. नवीन माणूस अडखळतो, जुने न बघता ओलांडतात. आप्पांचं मत ठाम होतं : मोडलेल्या गोष्टीला आराम हवा. या पोरी पुस्तकं वाचून येतात आणि चांगला जुळत आलेला गुडघा पिळतात. मी त्यांना विचारलं नाही, की मग तुमचा वाकत का नाही. वडीलधाऱ्या माणसाला असं विचारू नये, आणि शिवाय त्यांचा सल्ला मला फार सोयीचा होता.

बाकीच्यांनीही हात राखला नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी गुडघ्याकडे पाहायचा, मग माझ्याकडे. किराणा दुकानदारानं गरम मिठाची पुरचुंडी सांगितली. बायकोच्या मुख्याध्यापिकांनी त्यावरच बर्फ सांगितला. मेव्हण्यानं एक पट्टा आणला, जो त्याला स्वतःच्या कमरेला लागू पडला नव्हता. एका गृहस्थांनी तर मी झोपलोय असं समजून बायकोला हळूच विचारलं, की यांची नोकरी अनुकंपेवर तुम्हाला मिळते का.

बायको शाळेतून आली की रोज विचारायची, व्यायाम झाला? मी म्हणायचो, झाला. तिनं तक्ता मागितला नाही, मी दाखवला नाही; तो मी कचेरीच्या सवयीनं बंद फाईलमध्ये ठेवला होता.

तिसाव्या दिवशी मास्तरीणबाईनं मोजलं : एक्केचाळीस. तिनं पुन्हा मोजलं. मग तक्ता हातात घेऊन बराच वेळ वाचत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. बहुधा मीच व्यायाम चुकीचे शिकवले, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि मला सगळे नव्यानं, जास्त हळू, जास्त प्रेमानं शिकवले. नवा तक्ता दिला. तिची ती मेहनत पाहून मला भरून आलं. मी दुसरा तक्ता पहिल्यापेक्षाही मन लावून भरला.

पंचेचाळिसाव्या दिवशी आकडा आला सेहेचाळीस. आता मात्र तिनं तिच्या वरच्या बाईंना बोलावलं. त्या आल्या, त्यांनी माझा गुडघा दाबला, तक्त्यावरून बोट फिरवलं, आणि मग तक्त्याकडून नजर उचलून मास्तरीणबाईकडे पाहिलं. ती नजर मी ओळखतो. कागद बरोबर आणि काम चूक असलं की साहेब अशीच नजर समोरच्या कनिष्ठ माणसावर ठेवतात. बिचारी खाली मान घालून उभी राहिली. मी आरशात बघत बसलो, पण आरसा भिंतभर असल्यामुळे त्यातही तीच दिसत होती.

मला तक्त्यांसकट डॉक्टरांकडे धाडलं. फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, हाड उत्तम जुळलंय. इतका नियमित व्यायाम करूनही गुडघा वाकत नाही याचा अर्थ आत काहीतरी धरून बसलंय. दोन आठवडे वाट पाहू, नाहीतर पुन्हा भूल देऊन आम्ही तो जोरानं वाकवू. किती दिवस लागतील विचारलं, तर म्हणाले, त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून. मी मनात हिशोब केला. एक्क्याण्णवावा दिवस केव्हाच पलीकडे जात होता. डोळ्यांसमोर ती उशी आली. एकाच वर्षात माझं सुंदर अक्षर दुसऱ्यांदा माझ्यावर उलटलं होतं. पहिल्यांदा त्यानं पायरी ठीक करून दाखवली, आता गुडघा बिघडवून दाखवला.

रिक्षातून उतरून, कुबड्या टेकत वर आलो तेव्हा आप्पा नेहमीप्रमाणे दारात होते. बायको कुलूप काढेपर्यंत मी आमच्या दारातल्या स्टुलावर बसलो. बसलो म्हणजे, पाय वाकत नसल्यामुळे तो पुढे पसरला. आप्पांचा पाय तिकडून इकडे, माझा इकडून तिकडे. बोळ बंद झाला. तेवढ्यात खालच्या मावशी कपड्यांचं गाठोडं घेऊन गच्चीकडे निघाल्या होत्या, त्या थबकल्या. त्यांनी एकदा आप्पांच्या पायाकडे पाहिलं, एकदा माझ्या.

“आता मी काय उडत जाऊ?” त्या म्हणाल्या आणि परत फिरल्या.

मी हसलो नाही. आप्पाही हसले नाहीत. त्यांच्या घरात, उंबऱ्याच्या आत, त्यांची नात जमिनीवर ठोकळे मांडून बसली होती. तिनं आजोबांना हाक मारली, खाली या म्हणून. मग स्वतःच म्हणाली, तुम्हाला येत नाही ना, आणि पुन्हा ठोकळ्यांकडे वळली. तिला त्यात काही वाईट वाटलं नव्हतं. तिनं आजोबांना कधी जमिनीवर पाहिलेलंच नव्हतं.

आप्पांनी आवाज खाली घेतला. “तक्ता भरलास ना रे?”

मी पाय आत ओढायला गेलो, तो आला नाही.

“मीही भरला होता,” आप्पा म्हणाले. “दोन रंगांच्या शाईनं.”

त्यांनी मला गेला दीड महिना रोज काय सांगितलं होतं ते आठवलं आणि मग रागच आला. “मग मला आराम करायला का सांगितलंत, आप्पा?”

आप्पा पायाकडे पाहत राहिले. म्हणाले, “एकट्याला बसून कंटाळा येतो रे.”

त्या रागाचं काय करावं ते मला आजही कळलेलं नाही. माणूस इतकं खरं बोलला की त्याच्यावर रागावता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वेळ न घेता, बायकोला सोबत घेऊन त्या टोकाच्या खोलीत गेलो आणि मास्तरीणबाईला सांगून टाकलं. एका दमात. म्हटलं, दोन्ही तक्ते खोटे आहेत, एकही व्यायाम केलेला नाही, आत काही धरून बसलेलं नाही, मीच बसलोय. तिनं तक्ते टेबलावर पसरले आणि माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“काका, मी तीन दिवस पुस्तकं काढून बसले होते,” ती म्हणाली. “माझ्या एकटीच्या हाती सोपवलेले तुम्ही पहिले पेशंट. मला वाटलं, मला काम येत नाही.”

त्या क्षणी मला माझी लाज वाटली. साधी, सरळ लाज, जिला शेऱ्याचा रकाना नसतो. तात्पुरता, खिडकी, उशी, काही आठवलं नाही. मी तिला तिच्या वरच्या बाईंना बोलवायला लावलं आणि चार पेशंटांच्या देखत सगळं पुन्हा सांगितलं. तोपर्यंत बायकोनं तक्ते हातात घेतले होते. पंचवीस वर्षं गृहपाठ तपासणाऱ्या बाईची ती नजर. “पाचवीतली मुलं यापेक्षा बरं फसवतात,” ती म्हणाली आणि तक्ते घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवले. अजून आहेत. मी घरात आवाज चढवला, की ती पर्स जवळ ओढते.

इथून पुढचे चाळीसेक दिवस मी खरा व्यायाम केला. दुखतं. याहून सुंदर शब्द मला माहीत नाही. सकाळी पहिल्यांदा टाच सरकवताना गुडघा असा काही विरोध करायचा, की सहनशक्तीवर आजवर ऐकलेली सगळी भाषणं खोटी वाटायची. बायको स्वयंपाकघरातलं घड्याळ घेऊन समोर बसायची आणि मी ‘दहा’ म्हटलं की म्हणायची, आठ झाले. तक्ता आता ती भरायची, लाल पेननं.

टाच नीट सरकावी म्हणून मास्तरीणबाईनं फरशीवर थोडी पावडर टाकायला सांगितली होती. थोडी म्हणजे किती हे तिनं सांगितलं नाही आणि मी उदार मनाचा माणूस आहे. नेमका त्याच दिवशी तात्पुरता भेटायला आला. कपाटाची किल्ली कुठे असते ते विचारायचं होतं, असं म्हणत होता. खिडकीतून वारा किती छान येतो हेही तो सांगत होता, आणि सांगता सांगता पुढे आला. मोठा आवाज झाला. दुर्दैवानं त्याला काहीही लागलं नाही. पांढऱ्या पाठीनं तो तसाच कचेरीत गेला आणि तिथे त्यानं सांगितलं, की मी घरी पुरुषासारखा पुरुष दिवसभर पावडर लावून बसलेला असतो.

साठाव्या दिवशी एकोणसत्तर अंश झाले. डॉक्टरांनी भुलीचा विचार सोडला. मग खालच्या मावशींनी, त्यांना बोळ मोकळा हवा असल्यामुळे, स्वतःचं पायानं चालवायचं शिवणयंत्र व्यायामासाठी देऊ केलं. दुपारी त्या जेवायला बसल्या की मी पायडल मारायचं. पाय हलू लागला तसा मला चेव चढला. यंत्रात कापड अडकवलेलं आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. आमच्या इमारतीच्या रखवालदाराच्या नव्या गणवेशाची उजवी बाही मी मनगटापासून कोपरापर्यंत अतिशय सरळ टाक्यांनी बंद केली. मावशी टाके उसवेपर्यंत दोन दिवस रखवालदार साध्या बनियनवर फाटकाशी उभा होता आणि माझी कुबडी दिसली की तोंड फिरवत होता. पण त्या आठवड्यात माझे अकरा अंश वाढले, त्याला माझा इलाज नाही.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी एकशे बारा. मला वाटलं, आता डॉक्टर सही करतील, आपण सुटलो. मास्तरीणबाई म्हणाली, थांबा. ती मला इस्पितळाच्या जिन्याशी घेऊन गेली. दोन मजले चढायला लावले, दोन मजले उतरायला लावले. स्वतः एक पायरी खाली, उलटी चालत, माझ्या गुडघ्याकडे बघत. प्रत्येक पायरी मोजली. मग तिनं माझ्या कागदावर ‘जिना चढतात, उतरतात’ असं लिहिलं आणि तो डॉक्टरांच्या सहीसाठी ठेवला. मी तिला म्हटलं, आमच्या खात्यात अशी पद्धत नाही, आम्ही आधी लिहितो. ती हसली. पहिल्यांदाच.

एक्क्याण्णवाव्या दिवशी, सोमवारी, मी कुबडीशिवाय कचेरीत शिरलो. तात्पुरत्यानं उशी उचलली, पण फार लांब नेली नाही. मी माझ्या खुर्चीत बसलो. वारा आला. झाड जागच्या जागी होतं. साहेब काचेत दिसले. इतकं सुख मला झेपेना, म्हणून मी कामाला लागलो आणि नोंदवही उघडली.

तळघराचा जिना. बारा सोमवार. प्रत्येकापुढे तात्पुरत्याच्या गिचमिड अक्षरात : तपासले, ठीक आहे. शाईसुद्धा एकच. मी पेन उघडलं आणि हात रकान्यावर नेला. हात सवयीनं ‘त’ काढायला निघाला होता. पण तो काही केल्या पुढे जाईना. मला ती मुलगी दिसत होती, एक पायरी खाली, उलटी चालणारी. मी उठलो आणि तळघराकडे गेलो. एका हातानं कठडा धरून तेरा पायऱ्या उतरलो, मग चढलो. सातवी तश्शीच होती. कोपरा अजून थोडा गेला होता. वर येऊन मी लिहिलं : तपासले. सातवी पायरी मोडकी आहे.

एकोणतीस वर्षांत त्या नोंदवहीत ‘आहे’च्या आधी दुसरा शब्द आला नव्हता, त्यामुळे दुपारपर्यंत खोलीत दबक्या आवाजात हेच चाललं होतं. चौथ्या दिवशी माझ्या हातात खुलासा मागणारं पत्र पडलं. गेल्या सोमवारपर्यंत सुस्थितीत असलेली पायरी तुम्ही रुजू होताच मोडकी कशी झाली? आणि ती मोडकी असल्याचं तुम्ही कोणत्या आधारावर लिहिलंत? मी उत्तर दिलं, आधी कधीही तपासली नव्हती. या वेळी जिना उतरून पाहिला, या आधारावर.

हे उत्तर उद्धटपणाचं ठरलं. पायऱ्यांची इतकी आवड असलेल्या कर्मचाऱ्याचा योग्य उपयोग व्हावा म्हणून माझी बदली करण्यात आली, तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत. तिथे खिडकी नाही. फाईल मागायला वरून घंटी वाजते आणि मी ती घेऊन जातो. खिडकीशी आता तात्पुरता कायमचा बसतो. मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पहिल्या दिवशी तळघरात डबा उघडून बसलो आणि सवयीनं मान वळवली, तर झाडाच्या जागी फायलींचा ढीग होता.

त्या आठवड्यात शेवटच्या तपासणीला गेलो आणि मास्तरीणबाईला सगळं सांगितलं. ती मन लावून ऐकत होती. मला वाटलं, निदान हिला तरी हळहळ वाटेल. ती म्हणाली, किती पायऱ्या आहेत? मी म्हटलं, तेरा. दिवसातून किती वेळा? म्हटलं, घंटीवर आहे, दहा-बारा खेपा होतात. तिनं कागदावर गुणाकार केला आणि तिचा चेहरा खुलला.

“फार छान बदली झाली, काका.”

बाहेरच्या बाकावर माझ्यासोबत आलेले आप्पा पाय पसरून वाट बघत होते; आता तेही तिचे पेशंट आहेत. सहा वर्षांनी फार काही होणार नाही हे तिनं त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलंय. एका महिन्यात चार अंश झाले आहेत. तक्ता ते स्वतःच भरतात, एकाच शाईनं, आणि अधूनमधून एखाद्या चौकटीत लिहिलेलं असतं, ‘आज केला नाही’.

सातवी पायरी अजून तशीच आहे. तिची फाईल माझ्या जुन्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली तात्पुरत्याला सापडलेली नाही असं तो म्हणतो. पण जिन्याची नोंदवही माझ्यासोबत खाली पाठवली आहे, कारण वर ती कुणालाच नको होती. दर सोमवारी मी तेरा पायऱ्या उतरतो, तेरा चढतो आणि मगच लिहितो : तपासले. सातवी पायरी मोडकी आहे. शेवटी शेऱ्याचा रकाना उरतो. त्याला कोरं ठेवणं माझ्या रक्तात नाही, म्हणून तिथे माझ्या चांगल्या अक्षरात आणखी एक ओळ लिहितो : गुडघा ठीक आहे.